बैल त्यांचा, फोटो कुणाचा

आमच्या संघटनेच्या प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एक ओळ असते: वाचा, झेरॉक्स काढा, पुढे द्या. कॉलेजात असल्यापासून मी ती टाईप करत आलोय. पत्रक कंत्राटी कामगारांचं असो, नदीचं असो, नाहीतर कंपनीच्या बसथांब्यावर शेड नाही त्याचं असो. मजकूर कुणी लिहिला हे आम्ही विचारत नाही, आणि कुणी चोरला तर आम्हाला आनंदच होतो. एकदा एका पक्षाच्या पोरांनी आमचं पाण्याचं पत्रक अख्खंच्या अख्खं उचललं आणि खाली स्वतःच्या नेत्याचा हात जोडलेला फोटो छापला. आम्ही चिडलो नाही. पाण्याची बोंब आणखी चार गल्ल्यांत पोचली म्हणून चहा प्यायलो. तेव्हा कॉपीराइट हा शब्द माझ्या तोंडात बसणारा नव्हता. तो पुस्तकवाल्या कंपन्यांचा, गाण्यावाल्या कंपन्यांचा, थोडक्यात समोरच्या पार्टीचा शब्द. तो मला शिकावा लागला एका बैलामुळे.

आम्ही चाकणजवळच्या निघोज्याचे. शेत गेलं कंपन्यांच्या रस्त्यात. उरलेल्या तुकड्यावर वडिलांनी भाड्याच्या खोल्या काढल्या. गावात ज्याच्याकडे तुकडा उरला त्याने हेच केलं, त्यामुळे आमच्याकडे आता पिकापेक्षा भाडेकरू जास्त येतात. त्यातल्या एका खोलीत जालन्याकडची एक मुलगी मैत्रिणीसोबत राहायची. गाड्यांच्या वायरिंगचे जोड बनवणाऱ्या कंपनीत कामाला. ओव्हरटाइम करून तिने एक जुना कॅमेरा घेतला होता, आणि सुट्टीच्या दिवशी बाकीच्या मुली झोप काढायच्या तेव्हा ही कॅमेरा गळ्यात अडकवून बैलगाड्यांच्या घाटावर जायची.

घाट म्हणजे शर्यतीची चढाची धाव. बंदी उठल्यापासून आमच्याकडे घाटांना पुन्हा उधाण आलंय. शर्यतीबद्दल मला काय वाटतं ते मी वेगळ्या पत्रकात लिहिलेलं आहे, आणि त्या पत्रकानंतर घरातलं कुणी माझ्याशी आठवडाभर बोललं नव्हतं, म्हणून इथे पुन्हा लिहीत नाही. पण तिने काढलेला एक फोटो बघून माझंही तोंड बंद झालं. गाडा सुटलाय. जुंपलेले चारही बैल हवेत आहेत, एकही खूर जमिनीला टेकलेला नाही. वर भंडाऱ्याचा पिवळा ढग उभा आहे आणि त्या ढगातून पुढच्या बैलाचा एकच डोळा, काळाभोर, थेट तुमच्याकडे बघतोय. असा फोटो माणसाला आयुष्यात एकदा मिळतो, असं तीच म्हणायची. आणि लगेच म्हणायची, दुसरा मिळेपर्यंत.

तो पुढचा बैल माझ्या चुलत्यांचा. काका म्हणजे पंचक्रोशीतले नावाजलेले गाडामालक. बिल्डरला जमीन विकली तेव्हा इतरांनी गाड्या घेतल्या, बंगले बांधले. काकांनी बंगला बांधला आणि त्यात मागच्या बाजूला बैलासाठी टाईल्स लावलेला गोठा केला, पंख्यासकट. बैलाची देखभाल काका करतात. बैलाची प्रसिद्धी करतो त्यांचा मुलगा, म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याला मी बंधू म्हणतो. बंधूंनी बैलाच्या नावाने सोशल मीडियावर खातं काढलंय. बैल रोज सकाळी सगळ्यांना शुभ सकाळ म्हणतो.

शर्यत झाली की गाडामालकाची माणसं फोटोवाल्यांना म्हणतात, "पाठवा की ग्रुपवर." ही रीतच आहे. कुणी पैसे मागत नाही, कुणी देत नाही. तिनेही पाठवला. कोपऱ्यात, उजवीकडे खाली, बारीक अक्षरात स्वतःचं नाव टाकून पाठवला. मग तो फोटो सुटला तो सुटलाच.

पहिल्यांदा तो चाकणच्या चौकात दिसला, एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर. फ्लेक्सवर उजव्या बाजूला शुभेच्छुकांची मुंडकी लागतात, ही पण रीतच आहे. तेव्हा फ्लेक्सवाल्याने फोटोची उजवी पट्टी कापून टाकली आणि तिथे मुंडकी रचली. तिचं नाव गेलं पट्टीबरोबर. ती फ्लेक्सच्या दुकानात विचारायला गेली, मी सोबत होतो. दुकानदार छापता छापताच बोलला.

"नेटवरून घेतलाय भाऊ. नेटवरचं सगळ्यांचं असतं."

"नेटवर कुणी टाकला?" मी विचारलं.

"ते मला काय माहीत? पाऊस कोण पाडतं विचारतो का आपण?"

ती म्हणाली, "माझं नाव होतं ना त्याच्यावर."

"होतं का? मग सुंदर काढला ताई तुम्ही. पण तिथं आठ शुभेच्छुक बसवायचे होते. तुम्ही नाव वरच्या कोपऱ्यात टाकत जा. वर नेते असतात, वर आम्ही हात लावत नाही."

ती हसली. मला राग आला, ती हसली. टेम्पोच्या मागे, सलूनच्या भिंतीवर, पुनावळ्याच्या एका हॉटेलात गल्ल्याच्या वर, तो फोटो दिसत राहिला आणि ती दर वेळी, "हा बघा, आमचा गडी इथं पण आलाय," म्हणायची. फ्लेक्स पावसात फाटतात, त्यांचं तिला काही वाटत नव्हतं.

वाटलं ते दिनदर्शिकेमुळे. चऱ्होलीत टॉवर उभारणाऱ्या एका बिल्डरने ग्राहकांना वाटायला गुळगुळीत कागदावर दिनदर्शिका छापली. विषय: आपली माती, आपली परंपरा. माती ज्यांनी विकत घेतली त्यांनी मातीवर काढलेली दिनदर्शिका. तर ते असो. वैशाखाच्या पानावर आमचा बैल होता, आणि खाली बारीक अक्षरात छायाचित्रकाराचं नाव होतं. बंधूंचं.

बंधूंनी आयुष्यात काढलेले फोटो म्हणजे स्वतःचे, आरशासमोर. मग हे नाव आलं कुठून? आलं ते नेटवरच्या त्या ज्ञानकोशातून. सगळ्यांनी मिळून लिहायचा तो ज्ञानकोश तुम्हाला माहीत असेल. कुणीही उठावं, पान लिहावं, दुसऱ्याने दुरुस्त करावं. मला हा प्रकार फार आवडतो, कारण ते एक जगभरचं पत्रक आहे. आमच्या गावाचंही पान आहे तिथे. त्यावर बंधूंनी हा फोटो चढवला होता, फ्लेक्सवाल्याकडून आलेला, उजवी पट्टी कापलेला. फोटो चढवताना ज्ञानकोश विचारतो, हे तुमचं स्वतःचं काम आहे का? बंधूंनी म्हटलं, हो. मग तो विचारतो, जगातल्या कुणालाही हे फुकट वापरू द्यायला तयार आहात का, फक्त खाली तुमचं नाव टाकून? बंधू दिलदार आहेत. म्हणाले, हो. तिथून फोटो बैलगाडा शर्यतीच्या पानावर गेला, मग इतर भाषांतल्या पानांवर, मग बिल्डरकडे. बिल्डरने चोरी केलीच नव्हती. नियमाप्रमाणे नाव टाकून वापरला होता. आमच्या भागात एखादा बिल्डर नियमाप्रमाणे वागतो तेव्हाच नेमकी अशी भानगड होते.

मी बंधूंना गाठलं. ते बुलेट पुसत होते.

"स्वतःचं काम म्हणून टाकलंस?"

"मग? सोताचंच हाय की."

"फोटो तू काढलास?"

"फोटोचं न्हाई रे विचारत त्ये. काम विचारत्यात. बैलाला खुराक कोण देतं? पोहायला कोण नेतं? पहाटं उठून पळवतं कोण? आणि काम दुसऱ्याचं?" बंधूंनी फडकं पिळलं. "बैल आपला असल्यावं फोटो काय शेजाऱ्याचा व्हतो का?"

यात लबाडी नव्हती, हीच अडचण होती. लबाड माणसाशी भांडायचं मला प्रशिक्षण आहे. आमच्या गावात गाय कुणाची तर वासरू त्याचं, झाड कुणाचं तर आंबा त्याचा, आणि हा हिशेब बंधूंनी जसाच्या तसा इंटरनेटवर लावला होता. अर्जात दुसरा पर्याय होता, हे काम दुसऱ्याचं आहे. तो निवडला असता तर बैल दुसऱ्याचा झाला असता ना.

पुढच्याच आठवड्यात ती कंपनीतून आली ती थेट आमच्या ओट्यावर. मोबाईल पुढे केला. "भाऊ, हे काय म्हणायलेत बघा जरा."

पुण्यातल्या फोटोग्राफीच्या एका संस्थेत वर्षाचा अभ्यासक्रम असतो. फी आमच्यासारख्यांनी ऐकूनच परत यावं अशी. पण एक जागा बिनफीची, कामाच्या जोरावर मिळणारी. तिने न सांगता अर्ज केला होता आणि शेवटच्या मुलाखतीपर्यंत पोचली होती. आता संस्थेचं इंग्रजी पत्र आलं होतं, अतिशय सभ्य. सभ्यतेचा गाळ खाली बसू दिला की मजकूर इतकाच: तुमच्या कामातला मुख्य फोटो ज्ञानकोशावर दुसऱ्याच्या नावावर आहे. मुलाखतीच्या आधी खुलासा करा, नाहीतर दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून दाखवल्याबद्दल अर्ज बाद.

"म्हणजे चोर मी," ती म्हणाली. या वेळी हसली नाही.

मी म्हटलं, सोड, हे माझ्याकडे लागलं. आणि मला जे येतं ते मी केलं. ज्ञानकोशात प्रत्येक फोटोमागे एक चर्चापान असतं, तिथे वाद घालायचा असतो. मी तिथे पत्रक टाकलं. शीर्षक, 'कामगार भगिनीच्या श्रमांवर राजरोस दरोडा'. त्यात सरंजामी मानसिकता होती, बिल्डर लॉबी होती, धिक्कार होता, आणि सवयीने शेवटी, वाचा, झेरॉक्स काढा, पुढे द्या, हेही होतं.

या ज्ञानकोशाचा कारभार बघायला काही स्वयंसेवक असतात, त्यांना प्रचालक म्हणतात. त्यातल्या एकाचं उत्तर आलं. मराठी अशी की जणू इस्त्री करून घडी घातलेली. 'नमस्कार. कृपया सर्व सदस्यांविषयी सद्भाव गृहीत धरावा. "दरोडा" हा शब्द टाळता आल्यास उत्तम. आपल्या मजकुराखाली सही नाही. सदर छायाचित्र आपण म्हणता त्या व्यक्तीचे आहे, यास पुरावा काय?'

पुरावा. माझ्या सगळ्या लेखन-कारकिर्दीत मला हे कुणी विचारलं नव्हतं. पत्रकाला पुरावा लागत नाही, पत्रकाला उद्गारचिन्ह लागतं.

तोवर बंधूंना खबर लागली. आमच्या पट्ट्यात वाद मिटवायची एकच पद्धत आहे, माणसं गोळा करायची. ग्रामसभा असो, सोसायटीची मीटिंग असो, नाहीतर चौकात गाडीला गाडी घासलेली असो, ज्याच्यामागे जास्त बुलेट थांबल्या तो खरा. बंधूंनी गाडाशौकिनांच्या ग्रुपवर चर्चापानाची लिंक टाकली: आपल्या बैलाला नेटवरून काढायचा कट चाललाय, सगळ्यांनी जाऊन पाठिंबा द्या. संध्याकाळपर्यंत पाठिंब्याची जत्रा भरली. 'एकच वाघ.' 'बैल आपला आहे, विषय संपला.' 'जळणाऱ्यांनी लांब राहावं.' एकाने पेंडीच्या दुकानाचा पत्ता टाकला, घरपोच मिळेल. एकाला नीट कळलं नसावं, त्याने बंधूंना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या.

प्रचालकाने सगळं वाचलं असणार, बिचाऱ्याने. खाली लिहिलं, 'सर्व नवीन सदस्यांचे स्वागत. येथे मतदानाने निर्णय होत नाही.'

बंधू त्या रात्री जेवता जेवता उठून आमच्याकडे आले. "मतदान चालत न्हाई म्हंजी? मग चालतं काय तिथं?"

"पुरावा," मी म्हटलं, जसा काही मी लहानपणापासून पुराव्यावरच वाढलोय.

ती तिच्या खोलीच्या दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "मूळ फोटो आहे ना माझ्याकडं. आख्खा. आधीचे-नंतरचे पण आहेत."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही पत्रक लिहायले होतात."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं काकांच्या घरी गेलो. माझं म्हणणं होतं की ज्ञानकोशाकडे जायच्या आधी घरातलं घरात दाखवावं. भावकीत उद्या तोंड दाखवायचं होतं, ते मला होतं, तिला नव्हतं, तरी ती आली. काकूंनी चहा दिला. तिने माझा लॅपटॉप टीपॉयवर ठेवला आणि मूळ फोटो उघडला. पट्टी न कापलेला.

उजव्या बाजूला, जिथे फ्लेक्सवर शुभेच्छुकांची मुंडकी होती, तिथे बंधू होते. धावेच्या कडेला, दोन्ही हात डोक्याच्या वर, तोंड आ वासलेलं, हातांतून नुकताच सुटलेला भंडारा. फ्लेक्सवाल्याने तिचं नाव कापलं तसे बंधूही कापले होते, आणि मग त्याच जागी बंधूंचंच गॉगल लावलेलं मुंडकं शुभेच्छुक म्हणून चिकटवलं होतं.

"आयला, मी." बंधू टीपॉयवर वाकले. ग्रुपवर आला तेव्हा त्यांनी फोटो बैलापुरताच बघितला होता. "बघा की आबा, मी हाय ह्यात."

काकांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. काका शाळा अर्धवट सोडलेले असले तरी जमिनीच्या चार कज्ज्यांतून गेलेले आहेत. त्यांना लगेच कळलं.

"हात वर हायेत तुझं," ते म्हणाले.

"व्हय, भंडारा उधळतोय ना."

"दोन्ही वर हायेत."

"व्हय की."

"मग फोटो काय पायानं काढलास?"

बंधू हरले नाहीत. "बरं, बटण तिनं दाबलं आसंल. पर बैल आपला. गाडा आपला. भंडारा आपला. मी आत हाय. सगळी फोटोत हायेत, आणि ही कुठं हाय? दाखवा मला ह्यात."

मी तोंड उघडत होतो, पण ती आधी बोलली. कप खाली ठेवला आणि बोलली. "नाहीच मी. सगळे आत आहेत, मी एकटीच बाहेर हाय. म्हणून तर माझा हाय."

काकू हसल्या. काका हसले नाहीत. "पोरी, तू हुशार हायेस," ते म्हणाले, "पर मला सांग, वासरू म्या घेतलं, वाढवलं म्या, घाटाची वर्गणी म्या भरली. तू केलंस काय? एक बटण दाबलं."

"काका," मी म्हटलं, "बिल्डरने तुमच्या जमिनीवर काय केलं? एक सही केली. सात-बारा कुणाच्या नावावर आहे आता?"

हे बोलायला नको होतं. काकांनी चष्मा काढून त्याची घडी केली.  मग ते तिच्याकडे बघून म्हणाले, माझ्याकडे नाही, "तुझा फोटो हाय, आसूंदे. पर माझा बैल जर तू नेटवरनं उतरवलास, तर त्याच्याकडं परत कॅमेरा करायचा न्हाई. माझ्या काय, माझ्या दोस्तांच्या बैलांकडं बी न्हाई. बघ."

ही धमकी पोकळ नव्हती. काका घाटाच्या कमिटीत आहेत. आणि घाट गेला तर तिच्याकडे कंपनीची भिंत आणि आमच्या खोल्यांचे नळ एवढंच काढायला उरलं असतं.

मूळ फोटो, आधीचे-नंतरचे फोटो, सगळं तिने ज्ञानकोशाला पाठवलं. प्रचालकाने सावकाश तपासलं आणि मान्य केलं: छायाचित्र तिचंच. चढवणाऱ्या सदस्याने सद्भावनेने चूक केली. आता तिने सांगावं. एक, तिने स्वतः परवानगी दिली तर फोटो तिच्या नावाने ज्ञानकोशावर राहील आणि जगात कुणालाही नावासह वापरता येईल. दोन, परवानगी नसेल तर वगळण्यात येईल. आणि खाली, त्या इस्त्रीच्या मराठीत, 'पहिला पर्याय स्वीकारल्यास ज्ञानाच्या प्रसारास मोठा हातभार लागेल.'

मला वाटलं, झालं. सगळ्यांचं भलं. संस्थेला खुलासा मिळाला. फोटो राहतोय म्हणून काका खूश. ज्ञानकोश खूश. मी तर सगळ्यात खूश, कारण माझं तत्त्व शाबूत. मी तिला ओट्यावर बसवून समजावलं. ज्ञान म्हणजे कुणाची खाजगी मालमत्ता नाही. हक्क राखून ठेवणं ही भांडवलदारांची सवय. तुझा फोटो जगाचा होईल, आणि खाली तुझं नाव.

तिने ऐकून घेतलं. मग विचारलं, "बिल्डर पुढच्या वर्षी परत छापू शकतो?"

"हो. पण तुझ्या नावाने."

"फुकट?"

"फुकट. पण नावाने."

"आणि फ्लेक्सवाल्यानं परत नाव कापलं तर?"

"तर ते बेकायदेशीर. आपण निषेधाचं पत्रक काढू."

ती खो खो हसली. मैत्रीण आतून विचारत बाहेर आली, काय झालं म्हणून. हसणं थांबल्यावर ती म्हणाली, "भाऊ, तुमच्या पत्रकावर खाली काय असतं?"

"वाचा, झेरॉक्स काढा, पुढे द्या."

"त्याच्या खाली?"

त्याच्या खाली असतं संघटनेचं नाव. ठळक, चौकटीत, मजकुराच्या दुप्पट टाईपात. प्रेसवाला कधी लहान करतो तेव्हा मी स्वतः जाऊन भांडतो.

"तुमचं नाव चौकटीत," ती म्हणाली, "आणि माझं नाव मात्र फ्लेक्सवाल्याच्या भरवशावर सोडा म्हणायलेत. तुम्ही सगळे लई दिलदार आहेत. तुमचे बंधू दिलदार, तुम्ही दिलदार, तो प्रचालक दिलदार. फोटो मात्र माझाच."

मी सद्भाव गृहीत धरला.

तिने दुसरा पर्याय लिहून पाठवला. दोन ओळी, तळाशी सही. प्रचालकाने उत्तरात हातभाराचा विषय पुन्हा काढला नाही, आभार मानले. फाइल वगळली गेली. आमच्या गावाच्या पानावर जिथे बैल हवेत होता तिथे आता रिकामी चौकट आली, खाली मजकूर तसाच, 'निघोजे येथील बैलगाडा शर्यतीचे एक दृश्य'.

रिकामी चौकट बंधूंच्या जिवाला लागली. त्यांनी दोन दिवसांत नवा फोटो चढवला. या वेळी अर्ज शब्द न शब्द वाचला, मला फोन करून विचारलं देखील, "स्वतःचं काम, इथंच टिक ना?" आणि खरोखर स्वतः काढला. गोठ्यातला बैल, मागच्या बाजूने. पंख्याचं एक पातं, निळी बादली, उजेड उलटा, आणि एका टाईलमध्ये मोबाईल धरलेल्या बंधूंचं प्रतिबिंब. खाली मात्र तोच मजकूर राहिलाय, शर्यतीचे एक दृश्य. प्रचालकाने स्वागत केलं. कॉपीराइटच्या दृष्टीने तो फोटो निर्दोष आहे आणि आजही तिथे आहे, जाऊन बघा.

तिने प्रचालकाचा निर्णय संस्थेला पाठवला. मुलाखत झाली. आत काय विचारलं म्हटलं तर सांगेना, एवढंच म्हणाली की तो फोटो त्यांनी फार वेळ बघितलाच नाही, नंतरचे काय काढलेत ते विचारत होते. जागा तिला मिळाली. कंपनीत तिने रात्रीची शिफ्ट मागून घेतली आणि दिवसा पुण्याला जाऊ लागली. बसमध्ये झोपायची, थांबा चुकायचा, परत फिरायची.

आणि मग आमच्या यात्रेचा घाट आला. तिला अभ्यासक्रमासाठी शर्यतच करायची होती. मी म्हटलं, दुसऱ्या गावाच्या घाटावर जा. म्हणाली, बैल इथंच चांगला आहे.

ती आलेली बघून काकांनी बैलावर झूल टाकायला सांगितली. नुसत्या पाठीवर नव्हे, तोंडापर्यंत. उन्हात तो बैल नवरीसारखा झाकून उभा केला. दोस्तांनीही आपापले झाकले. स्पीकरवरचा निवेदक सांगायला लागला की दृष्ट लागू नये म्हणून मालकांनी काळजी घेतलेली आहे, शौकिनांनी सहकार्य करावं. ती मांडवाच्या सावलीत केळं खात बसली होती. एकदाही उठली नाही.

मग काकांच्या गाड्याचा पुकारा झाला. झूल घालून बैल पळत नाही. काकांनाच ती काढावी लागली. बैलाच्या अंगावर गुलालाने काकांचं आडनाव रंगवलेलं होतं, एवढं मोठं की आंधळ्याला दिसावं. ती उठली, धावेच्या वरच्या टोकाला, कडेला, जाऊन जमिनीवर आडवी झाली. कमिटीतला एकजण तिला उठवायला निघाला. काकांनी तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हटलं आणि तो थांबला. काय म्हटलं ते मी नंतर त्याला विचारलं. "म्हटले, आता बैल सुटंल, तू मधी गेलास तर बुजून तिच्या अंगावर जाईल, गप उभा ऱ्हा."

गाडा सुटला. भंडारा उडाला. ती धुळीत दिसेनाशी झाली आणि धूळ बसल्यावर तिथेच होती.

दुपारी बंधू तिच्याजवळ जाऊन जरा लांबच उभे राहिले. बुटाने माती उकरत म्हणाले, "ताई, पाठवा की ग्रुपवर. आला आसंल तर."

"पाठवते."

तिने संध्याकाळी पाठवला. पहिल्यापेक्षा चांगला की वाईट ते मला ठरवता येत नाही. पण नाव या वेळी कोपऱ्यात नव्हतं. बैलाच्या पोटावर होतं, मधोमध, काकांच्या गुलालातल्या आडनावाच्या बरोब्बर खाली, त्याच मापाच्या अक्षरात. काकांनी तो फोटो ओट्यावर बसून मोठा करून करून बघितला आणि मला हाक मारली. "तिला म्हणावं, आमच्या नावाच्या खाली लिवलंय ते बरं केलं. वर लिवायचं न्हाई."

दोन दिवसांनी मला फ्लेक्सवाल्याचा फोन आला. आवाजावरून त्रासलेला वाटत होता. वाढदिवस परवावर आलाय, म्हणाला, आणि ते मधलं नाव काढायला गेलं की बैलाचं पोटच निघून येतंय. काय करायचं?

मी त्याला तिचा नंबर दिला.